गाडी झोपत नव्हती

आण्णांनी चावी फिरवली. बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा त्यांनी चावीला हातच लावला नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

शेजारच्या सीटवर भैरूकाका होते. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात चादर, बिस्किटांचा पुडा आणि हॉस्पिटलची फाईल. मागच्या आठवड्यात मंगळवारी असंच झालं होतं, आणि त्याची सूज त्यांच्या पावलांवर अजून होती.

मी शेडच्या दाराशी उभी होते. सकाळचे सात वाजत होते. आण्णा उतरले, गाडीला वळसा घालून माझ्यापाशी आले आणि खिशातून घडी केलेला एक कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“वाच.”

पाठकोऱ्या कागदावर त्यांचं बारीक, रेखीव अक्षर होतं. ‘मंगळवार, सायंकाळी सहा. पुढचे दिवे बंद. मागचे दिवे बंद. आतला दिवा बंद. रेडिओ बंद. चारही दारे लावली, ओढून पाहिली.’ खाली त्यांची सही.

“अक्षर माझंच आहे ना?”

“तुमचंच आहे, आण्णा.”

“मग मी हे सगळं बघितलं असणार,” ते म्हणाले. “की न बघताच लिहिलं, कोण जाणे.”

मी कागदाची घडी घालून परत दिली. मी पुण्याहून आदल्या संध्याकाळी एसटीने आले होते ते याचसाठी. आण्णांना गाडी विकायला सांगायला.

माझे वडील श्रीपती शिंत्रे मोजणी खात्यात होते. आजऱ्याच्या आसपासच्या डोंगरपट्ट्यात त्यांनी तीस वर्षं जमिनी मोजल्या. भैरू कांबळे त्यांच्या हाताखाली साखळी धरायचे. कागदावर एक साहेब आणि दुसरा शिपाई, पण जंगलातून, शेतांच्या बांधांवरून दोघं सारखेच चालले, एका डब्यातलं जेवले. आण्णा निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकले, जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. माझी आई गेल्यावर त्या गाडीला फारसं काम उरलं नव्हतं. मग भैरूकाकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, गडहिंग्लजला डायलिसिस. आमच्या गावातून सकाळची एसटी भरवशाची नव्हती आणि डायलिसिसनंतर त्या माणसाला उभं राहवत नसे. पहिल्याच आठवड्यात आण्णा त्यांच्या दारात गाडी लावून म्हणाले होते, “भैरू, तीस वर्षं तू माझ्या पुढं चाललास. आता बस.”

दोन वर्षं एकही खेप चुकली नाही. आणि मग त्या जूनपासून गाडी मरायला लागली. उभ्या-उभ्या. रात्री ठीक लावलेली गाडी दोन-तीन दिवसांनी सकाळी बघावी तर बॅटरी थंडगार. गॅरेजवाल्याने ती चार्ज करून दिली. पुन्हा तेच. नवी बॅटरी बसवली. दीड महिन्यात तीही तशीच. बॅटरीच्या दुकानदाराने शेवटी मलाच फोनवर सांगितलं, “ताई, बॅटरी चांगली हाय. आजोबा दिवे चालू ठेवून विसरत असतील. वय झालं की व्हतंय.” मला ते पटलं. आण्णा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते.

मागच्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी गाडी मेली तेव्हा गावातली एकुलती जीप लग्नाला गेली होती. भैरूकाकांना दुसऱ्या दिवशी नेता आलं. तोपर्यंत छातीत पाणी झालं होतं. दोन दिवस त्यांना तिथेच ठेवून घ्यावं लागलं. आण्णांनी हे मला फोनवर सांगितलं ते एखाद्याने गुन्हा कबूल करावा तसं.

मी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी, शुक्रवारी, शेजारचे दोन बाप्ये आणि मी मिळून गाडी शेडबाहेर ढकलली. घरासमोर उतार होता. आण्णांनी उतारावर गिअर टाकून क्लच सोडला, गाडी दोन हिसके देऊन सुरू झाली. मी धावत जाऊन मागच्या सीटवर बसले.

डायलिसिसला चार तास लागतात. भैरूकाकांच्या पलंगाशेजारी दोन स्टुलं होती. यंत्राची चाकं फिरत होती, नळ्यांमधून रक्त जात-येत होतं. भैरूकाकांनी डोळे मिटले होते. आण्णा हलक्या आवाजात म्हणाले, “शैला, गाडी विकून टाकू या.”

मी हेच बोलायला आले होते. रस्त्यात शब्दही जुळवून ठेवले होते. पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला ते म्हणवेना.

“लगेच कशाला, आण्णा? बघू की.”

“बघायचं काय आता. दिवे विसरणारा माणूस उद्या ब्रेक विसरेल. शेजारी भैरू बसलेला असतो.” ते थोडं थांबले. “गॅस पण मी पेटवत नाही हल्ली. डबा लावलाय. बँकेत गेलो की सही करण्याआधी तिथल्या पोरीला विचारतो, मघाशी मी सही केली नाही ना?”

“हे कधीपासून?”

“जून-जुलैपासून. आधी वाटलं, एकदा झालं असेल. दुसऱ्यांदा झाल्यावर मी लिहून ठेवायला लागलो. मग लिहूनही तेच व्हायला लागलं. तेव्हा कळलं, की आता डोक्याचा भरवसा नाही.”

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. जमिनीचं क्षेत्रफळ सांगावं तसं सांगत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात पलंगावरून भैरूकाकांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

“साहेब, एक विचारू?”

“विचार.”

“तीस सालात तुम्ही न मोजता कुणाची हद्द सांगितली का?”

“नाही.”

“लोक म्हणायचे, दगुड हितं हाय, झाड तितं हाय, माझा आजा सांगून गेलाय. तुम्ही म्हणायचा, साखळी टाक भैरू.” त्यांना धाप लागली, ते जरा थांबले. “मग सोताच्या डोस्क्याबद्दल दुकानदार म्हनला आनि तुम्ही ऐकलं, ते कसं?”

आण्णांनी खिशातला तो कागद काढून पुन्हा उघडला.

“आजऱ्यात स्टँडच्या म्हागं इनास हाय,” भैरूकाका म्हणाले. “वायरिंगचं काम करतो. त्याला दाखवा. मग विका नायतर जाळा.”

परतताना गाडी चावीवर सुरू झाली. भैरूकाकांना घरी पोचवून आम्ही तसेच आजऱ्याला गेलो.

इनास लोबोचं दुकान म्हणजे फणसाच्या झाडाखाली एक पत्र्याची टपरी आणि पुढे तेलाने काळी पडलेली जमीन. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीक क्रूस. त्याने बॅटरीला मीटर लावला, गाडी सुरू करून पुन्हा बघितलं आणि म्हणाला, “बॅटरी बरी हाय. चार्जिंग बी बरोबर हाय. मरती कवा?”

“उभी असली की,” आण्णा म्हणाले.

“ते झालं. कुठं उभी असली की?”

हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग ते गाडीकडे गेले आणि पुढच्या कप्प्यातून कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. सुतळीने बांधलेला. जूनपासूनच्या सगळ्या नोंदी. मला वाटलं, इनास वरवर चाळेल आणि देईल. दुकानदार तर हसला होता म्हणे.

इनासने फडक्याला हात पुसले, लाकडी खोक्यावर बसला आणि एकेक कागद वाचायला लागला. सगळे वाचले. अर्धा तास तरी गेला असेल. मध्येच एखादा बाजूला काढून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं तर हाताने ‘थांब’ म्हणायचा. आण्णा त्याच्यासमोर उभे होते, परीक्षेचा पेपर तपासला जात असावा तसे.

“हे बघा,” शेवटी तो म्हणाला. “ऑगस्टात चार दिवस गाडी भैरूच्या दारात हुती. पावसानं रस्ता खचला म्हणून. पाचव्या दिवशी एका चावीला चालू. हितं सप्टेंबरात अंगणात हुती, शेडात लाकडं भरली हुती. तवा बी चालू. मेली ती सगळी शेडात. शेड कवा बांधली?”

“मे महिन्याच्या अखेरीस.”

“आनि त्याच्याआधी?”

“आधी अंगणातच असायची. कधी काही झालं नाही.”

इनासने कागद नीट एकावर एक लावले, सुतळी बांधली आणि दोन्ही हातांनी आण्णांना परत दिले. “आण्णा, दिवे चालू ठिवनारा मानूस अंगणात बी ठिवंल. फकस्त शेडात कसा ठिवंल? हितं मोजून उपेग न्हाई. उद्या सकाळी घरला येतो.”

घरी येताना आण्णा पहिल्यांदाच थोडं बोलले. रस्त्याकडेच्या एका शेताकडे बोट दाखवून त्यांनी त्याचा गट नंबर सांगितला आणि एकोणनव्वद साली तिथे झालेल्या भांडणाची गोष्ट सांगितली. मी ऐकत होते. मनात येत होतं, हा माणूस दिवे कसे विसरेल?

शनिवारी सकाळी नऊला इनास स्कूटरवरून आला. बॉनेट उघडलं, दाराच्या खांबावरचं बारीक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं. गाडीला वाटावं दार लागलंय. मग बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर जोडला.

“आता वीस मिनिटं कुनी हात लावायचा न्हाई,” तो म्हणाला. “चावी काढली, दारं लावली, की गाडी झोपती. झोपलेला मानूस बी श्वास घेतो, तसा इवलासा करंट जातोच. पॉइंट शून्य दोन, शून्य तीन अँपिअर. त्याच्यावर जायला नगं.”

आम्ही तिघं शेडमध्ये उभे राहिलो. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, मागे डोंगर. वीस मिनिटांनी आण्णा चष्मा सारखा करून मीटरवर वाकले.

“शून्य पूर्णांक चौतीस.”

“ही झोपलेली न्हाई,” इनास म्हणाला. “जागी हाय.”

आण्णांनी डोळे मिटले. “मंगळवारी संध्याकाळी सहा ते शुक्रवारी सकाळी सात. एकसष्ट तास. गुणिले शून्य पूर्णांक चौतीस, वीस पूर्णांक चौऱ्याहत्तर.” कागद नाही, पेन्सिल नाही. “बॅटरी केवढ्याची?”

“पस्तीस अँपिअर-तासाची.”

“मग एकवीस गेल्यावर ती कशी सुरू होईल.”

इनास माझ्याकडे बघून बारीक हसला. मग त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. तो फ्यूज काढायचा, आण्णा आकडा सांगायचे आणि वहीत लिहायचे. दिव्यांचा फ्यूज काढला, चौतीस. रेडिओचा काढला, चौतीसला एक कमी. हॉर्न, वायपर, आतला दिवा. आकडा जागचा हलला नाही. शेवटचा फ्यूज काढल्यावर इनास जरा विचारात पडला.

“म्हंजे जे खातंय ते फ्यूजच्या आधीच जोडलंय. कंपनीनं असं जोडत न्हाईत. कुनीतरी मागनं बसवलंय.” त्याने आण्णांना विचारलं, “तुम्ही काय बसवून घेतलंत? अलार्म, कॅमेरा?”

“काही नाही.”

इनासने सगळे फ्यूज परत जागेवर बसवले. “आपण गाडी भाईर काढू या.”

आम्ही गाडी ढकलत अंगणात आणली. पुन्हा वायर, पुन्हा मीटर, पुन्हा वीस मिनिटं. आण्णा वाकले. “शून्य पूर्णांक शून्य सहा.” त्यांनी वर बघितलं. “इनास, हे कसं? गाडी तीच. जागा तेवढी बदलली.”

“आत गेल्यावर कायतरी धडपडतंय ते,” इनास म्हणाला. “शोधत असल्यागत. भाईर आलं की गप बसतंय.”

माझ्या हातात फोन होता. शेडमध्ये असताना त्यावर रेंजची एकही दांडी नव्हती. आता अंगणात दोन होत्या.

मी फोनकडे बघितलं, मग गाडीच्या डॅशबोर्डकडे. मी “चहा टाकते,” म्हणाले आणि घरात गेले. चहा उकळून उतू गेला तरी मी ओट्याशी उभीच होते.

आदल्या दिवाळीत आण्णा गाडी घेऊन पुण्याला आले होते. त्याच्या महिनाभर आधी एका शुक्रवारी त्यांनी पाच तास फोन उचलला नव्हता. हॉस्पिटलात फोन बंद ठेवला होता, इतकंच. पण त्या पाच तासांत मी काय काय कल्पना केल्या ते माझं मला ठाऊक. सर्व्हिसिंगच्या निमित्ताने मी गाडी एका दुकानात नेली आणि डॅशबोर्डमागे एक डबी बसवून घेतली. गाडी कुठे आहे ते माझ्या फोनवर नकाशात ठिपक्याने दिसायचं. दुकानवाला म्हणाला होता, हिला काही वीज लागत नाही. आण्णांना मी सांगितलं नाही. त्यांना आवडलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा इनास सीटखाली उताणा पडला होता, डोकं पेडलपाशी, एक हात डॅशबोर्डच्या आत. आण्णा दाराशी उभे राहून त्याच्याकडे बघत होते. इनासचा हात थांबला. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते त्याला दिसलं असणार.

“आण्णा,” तो म्हणाला, “स्कूटरच्या डिकीत दहा नंबरचा पाना हाय. आनता का जरा?”

आण्णा गेले. स्कूटर फाटकाबाहेर होती. इनासने चिकटपट्टीत गुंडाळलेली काळी डबी बाहेर ओढली, तिची वायर तोडली आणि हातात धरून उठून बसला.

“ताई, ह्यात सिमकार्ड असतं. शेडात रेंज न्हाई, मग हे दिस-रात टॉवर शोधत बसतंय. नंबर कुनाचा?”

“माझा.”

“आण्णांस्नी ठावं न्हाई?”

मी मान हलवली.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फाटकाकडे बघून तो हळूच म्हणाला, “मी येवढंच सांगनार, की खोट गाडीत हुती. ते खरंच हाय. म्होरलं तुमच्या घरचं हाय.” आणि ती डबी त्याने फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

आण्णा सावकाश परत आले. “पाना सापडला नाही,” ते म्हणाले.

“असू द्या. काम झालं,” इनास म्हणाला. “आण्णा, हे बघा.”

आण्णा मीटरवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. “शून्य पूर्णांक शून्य दोन.”

“झोपली,” इनास म्हणाला. “खोट गाडीत हुती. तुमचा काय बी दोष न्हाई. कागदावर जे लिवलंय ते समदं तुम्ही बघूनच लिवलंय.”

आण्णा अंगणातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, पुन्हा डोळ्यांना लावला नाही. मी त्यांना आईच्या वेळी रडताना बघितलं होतं. हे तसं नव्हतं. पाठीवरचं पोतं उतरवून ठेवल्यावर हमाल जसा नुसता बसून राहतो, तसे ते बसले होते.

मला गप्प राहता आलं असतं. डबी माझ्या पदराखाली होती. इनास तर बोलणार नव्हता. आण्णांनीही काही विचारलं नव्हतं.

“आण्णा,” मी म्हणाले, “ती मी बसवली होती.” फडकं उघडून डबी त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. दिवाळी, दुकान, ठिपका.

त्यांनी डबी हातात घेतली नाही. “रोज बघायचीस?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी. सातला ठिपका हलला की मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जायचे. संध्याकाळी घरी आलेला दिसला की बरं वाटायचं.”

“मग जूननंतर? शेडमध्ये तर रेंज नसते.”

इथेच मला सर्वांत जड गेलं. “जूननंतर ठिपका सारखा गायब व्हायचा. मला वाटलं, डबीच हलक्या प्रतीची. मग मी बघायचंच सोडलं. नंतर गाडीत ती आहे हेच डोक्यातून गेलं. तुम्ही विसरता म्हणून मी इथवर आले, आणि विसरले होते मी.”

इनास पाठ वळवून मीटर सोडवत होता, बॅटरीची वायर जागेवर बसवत होता. ते काम एरवी दोन मिनिटांचं, पण तो सावकाश करत होता.

“पाच महिने,” आण्णा म्हणाले, “मी माझ्याच डोक्यावर विश्वास ठेवला नाही, शैला.”

“हो.”

“फोन करायचा होतास. निघालात का, पोचलात का. मी सांगितलं असतं.”

“हो, आण्णा.”

चहा गार झाला. शेवटी त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “पाना इनासच्या खिशातच होता,” ते म्हणाले. “खिशातून टोक दिसत होतं. म्हटलं, तुझं काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि त्याला ते कळलंय. म्हणून मी फाटकाशी जरा उभा राहिलो.”

“मग आल्यावर विचारलं का नाहीत?”

“तू सांगतेस का, ते बघत होतो.”

ते उठले, कप उचलून आत गेले. जरा वेळाने स्वयंपाकघरातून काडी ओढल्याचा आवाज आला. त्यांनी स्वतः चहा केला, तिघांसाठी, आणि पहिला कप इनासला दिला. इनासने तो उभ्यानेच प्यायला. निघताना मी फाटकापर्यंत गेले. आभार मानायचे होते, पण त्याआधीच तो स्कूटरला किक मारत म्हणाला, “ताई, हात फिरवताना डबी मला आधीच लागली हुती. तुमचं तोंड बघितलं आनि समजलं, ही चोरी न्हाई. ही काळजी हाय. पन काळजी बी फ्यूज लावून बसवावी लागती.”

मी रविवारी पुण्याला परतले. आण्णा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले होते, आणि ते बरोबरच होतं. मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला.

“निघालो,” ते म्हणाले. आणि ठेवून दिला.

संध्याकाळी सहाला पुन्हा. “पोचलो. भैरू बरा आहे.”

भैरूकाका त्यानंतर तीन वर्षं जगले. त्यांची एकही खेप चुकली नाही. ते गेल्यावर मला वाटलं, आता आण्णा थांबतील. पण पुढच्याच मंगळवारी फोन आला, “निघालो.” शेजारच्या वाडीतली एक बाई आणि एक मास्तर, दोघंही डायलिसिसला जाणारे. दोघांनाही गाडी नव्हती. ते आता मागच्या सीटवर बसू लागले होते. गाडीचं काही निघालं तर इनास बघायचा. खेपेच्या दिवशी गाडी अडली तर तो टपरी बंद करून यायचा.

अशी एकूण सहा वर्षं झाली. मग एका शुक्रवारी सातला फोन वाजला तेव्हा आण्णा म्हणाले, “शैला, आज मी निघालो नाही.”

“काय झालं? बरं वाटत नाही का?”

“बरं आहे. वार लक्षात आहे, माणसं लक्षात आहेत. पण मंगळवारी वळणावर एक म्हैस मला फार उशिरा दिसली. काही झालं नाही. घरी येऊन विचार केला. डोळ्यांना आता तेवढं दिसत नाही. चावी इनासला दिली. आजपासून तो नेईल दोघांना.” जरा थांबून म्हणाले, “तुला फोन करायचंही त्यालाच सांगितलंय. त्याचा नंबर लिहून घे.”

मी नंबर लिहून घेतला. माझ्याकडे तो सहा वर्षांपासून होता, तरी लिहून घेतला. आण्णांच्या हातून गाडीची चावी कुणाला काढून घ्यावी लागली नाही. ती त्यांनी स्वतः दिली, पूर्ण शुद्धीत, वार आणि तारीख सांगून. त्यापूर्वीची सहा वर्षं त्यांना कुणी मिळवून दिली ते मला माहीत आहे. आण्णांनाही माहीत होतं. शेवटच्या आजारात इनास भेटायला आला की ते त्याला उशाशी बसवून घ्यायचे आणि फारसं काही न बोलता त्याचा हात धरून ठेवायचे.

आण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. आज मंगळवार. सकाळी सातला मी ओट्याशी असताना फोन वाजला.

“ताई,” इनास म्हणाला, “निघालो.”

“सावकाश जा,” मी म्हणाले.